स्टँड-अप इंडियाचं कर्ज आणि माझा पेट्रोल पंप

आमच्या पंपावर नुसती हवा भरायला थांबलेला माणूससुद्धा जाता जाता विचारतो, "वहिनी, कर्ज कसं काय मिळालं?" बायका तर जास्तच. डिचोलीच्या बाजारात भाजी घेताना विचारतात, शिरगावच्या जत्रेत रांगेत विचारतात, एकदा तर दाताच्या डॉक्टरीणबाईंनी माझं तोंड उघडं असताना विचारलं. तेव्हा काही बोलता आलं नाही. आता सविस्तर लिहिते.

कर्ज स्टँड-अप इंडिया योजनेतलं, म्हणजे बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींना पहिला उद्योग काढायला बँकेने कर्ज द्यावं, अशी केंद्र सरकारची योजना. एकूण ६० लाख. त्यात ४२ लाखांचं मुदत कर्ज, म्हणजे बांधकामासाठी एकदा घ्यायचं आणि हप्त्यांनी फेडायचं, आणि १८ लाखांचं कॅश क्रेडिट, म्हणजे मालासाठी लागेल तशी उचल करून परत भरत राहायचं, ज्याला आम्ही सगळे सीसी म्हणतो. मंजुरी सप्टेंबर २०२० ची, पहिली रक्कम मिळाली ऑक्टोबरात, पंप सुरू झाला २०२१ च्या गुढीपाडव्याला, १३ एप्रिलला. जागा गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, सीमेपलीकडच्या महाराष्ट्रातल्या दोडामार्गाच्या बाजूला. आजवर एकही हप्ता चुकलेला नाही, तेव्हा चार शब्द बोलायचा अधिकार आहे असं मी धरून चालते. तारे द्यायचेच झाले तर योजनेला पाचपैकी चार. ज्या बँकेने कर्ज दिलं तिला तीन. आणि जिने आधी पाच महिने मला नुसतं फिरवलं तिला भोपळा. बँकांची नावं घेत नाही. साहेब बदलून जातात आणि नाव उगाच शाखेला चिकटतं.

आधी थोडं मागचं. आमच्या ह्यांचे दोन टिपर खाणीवर चालायचे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गोव्यातले ८८ खाणपट्टे रद्द केले आणि १६ मार्चपासून खनिज काढणं थांबलं. टिपर अंगणात येऊन उभे राहिले ते राहिलेच. पावसाळ्यात टायरांभोवती गुडघाभर गवत वाढलं आणि एकाच्या हौद्यात शेजारच्यांची कोंबडी अंडी घालू लागली. सासूबाई रोज सकाळी शिडी लावून ती अंडी काढायच्या आणि प्रामाणिकपणे शेजारी नेऊन द्यायच्या. त्या वर्षी टिपरने केलेलं तेवढंच काम.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिन्ही सरकारी तेल कंपन्यांची देशभरातल्या नव्या पंपांसाठी मोठी जाहिरात आली. गोव्याच्या यादीत आमचा रस्ता दिसला आणि पुढच्या रकान्यात 'महिला'. सासऱ्यांची रस्त्याला लागून भरड जमीन होती, वर काजूची झाडं. मी दहावीच्या पुढे शिकलेली, वयात बसत होते. अर्ज केला, २०१९ मध्ये ड्रॉ झाला, चिठ्ठी माझी निघाली. घरात पेढे वाटले ते जरा लवकरच वाटले. ड्रॉनंतर हातात येतं ते नुसतं इरादापत्र. पुढे जमिनीची सनद, नगरनियोजन, पंचायत, अग्निशमन, जिल्हाधिकाऱ्यांची ना-हरकत, स्फोटक खात्याचा परवाना. त्या वणवणीवर वेगळं लिहावं लागेल, इथे नको. इथे पैशाचंच बोलू.

हिशेब ८० लाखांचा होता. जमिनीतल्या टाक्या, डिस्पेन्सिंग युनिट आणि कंपनीचा फलक कंपनीने दिला. जमीन सपाट करणं, भराव, संरक्षक भिंत, ड्राइव्हवे, ऑफिस, शौचालयं, ट्रान्सफॉर्मर, जनरेटर, कंपनीकडची ठेव आणि शुल्क, शिवाय पहिला माल, हे सगळं माझ्याकडे. भराव हा शब्द लिहायला लहान आहे. आमच्या उताराच्या जमिनीत चिऱ्याची भिंत बांधून जो भराव घातला, त्यानेच अंदाजपत्रकाचा घाम काढला.

योजनेत तेव्हा प्रकल्पाच्या ७५ टक्के कर्ज आणि २५ टक्के आपले, असा नियम होता. म्हणजे २० लाख आपल्या खिशातले. टिपर विकले, पण खाणी बंद म्हणजे गावोगाव टिपर विकायलाच काढलेले, भाव कुठला मिळणार. माझ्या पाटल्या गेल्या, भावाने काही दिले. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात हा आपला हिस्सा २५ वरून १५ टक्क्यांवर आणला. माझी मंजुरी पाच महिने आधीची. ८० लाखांवर १० टक्के म्हणजे ८ लाखांचा फरक. पाटल्या वाचल्या असत्या, असं मला अजून कधी कधी वाटतं.

आता हमीचं. सगळ्यांचा गैरसमज इथेच आहे. लोक म्हणतात, सरकारची हमी आहे, मग काय, बुडलं तर सरकार बघेल. तसं नाही हो. हमी बँकेला आहे, मला नाही. केंद्र सरकारच्या हमी निधीतून बँकेला सांगितलेलं असतं की ह्या बाईचं कर्ज बुडालं तर तुझ्या तोट्यातला ठरलेला हिस्सा आम्ही भरू. माझ्यावरचं देणं तसंच राहतं, बँक माझ्या मागे लागते, आणि वर त्या हमीचं शुल्कसुद्धा माझ्याच खात्यातून कापलं जातं. पासबुकात ती ओळ पहिल्यांदा दिसली तेव्हा मी काउंटरवर जाऊन विचारलं, ही कसली कपात? क्लार्क म्हणाला, "मॅडम, गॅरंटीची फी." छत्री बँकेची, भाडं माझं.

मग फायदा काय? फायदा एवढाच आणि तो मोठा आहे: बँकेला घरदार गहाण मागायची गरज उरत नाही. त्या कर्जातून जे उभं राहतं ते तारण, बाकीला हमी. १० लाखांपासून १ कोटीपर्यंत, बाईला किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, पहिल्याच उद्योगासाठी. प्रत्येक शाखेने अशी निदान दोन कर्जं द्यावीत, त्यातलं एक बाईला, असं योजनेत लिहिलेलं होतं. ५ एप्रिल २०१६ पासून. कागद हा असा होता.

पहिल्या बँकेतल्या साहेबांनी कागद वाचला, मान डोलावली आणि म्हणाले, "योजना चांगली आहे. घराची कागदपत्रं कधी आणता?" मी योजनेची छापील प्रत पुढे ठेवली. ते म्हणाले, "हे दिल्लीचं झालं. फाईल वर पाठवायची तर काहीतरी जाड लागतं." जाड म्हणजे घर. सासरे हयात, घरात दिरांचाही वाटा. दिरांनी सही केली असती, स्वभावाने सोन्यासारखा माणूस, पण मी मागितली नाही. ज्या योजनेत घर लागत नाही त्यात घर द्यायचं तर टिपरवर काय वाईट होतं?

फाईल तरीही वर गेली, म्हणजे गोव्याबाहेरच्या कार्यालयात. तिथून जी शंका आली ती वाचून मी आणि माझे सीए दोघं पाच मिनिटं एकमेकांकडे बघत बसलो. शंका अशी: अर्जदार बाईच्या आयकर विवरणपत्रात गेली कित्येक वर्षं ट्रक व्यवसायाचं उत्पन्न दिसतं, मग हा तिचा पहिला उद्योग कसा?

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनची नागरी संहिता आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता एक होते. तेव्हाच्या, १९६१ च्या आयकर कायद्यातसुद्धा त्यासाठी खास ५अ कलम होतं: पगार सोडून बाकी उत्पन्न दोघांत निम्मं निम्मं दाखवायचं. म्हणजे हे खाणीवर धूळ खायचे आणि माझ्या विवरणपत्रात निम्म्या टिपरचं उत्पन्न यायचं. मी आयुष्यात टिपरचं स्टिअरिंग धरलेलं नाही. पण दूरच्या शहरात बसलेल्या माणसाला ते कसं कळावं? त्याच्या दृष्टीने मी मुरलेली ट्रकवाली.

सीएंनी पत्र लिहिलं, कलम उद्धृत केलं, टिपरची आरसी ह्यांच्या नावावर असल्याची प्रत जोडली. तोवर साहेबांची बदली झाली. नवीन साहेब आंध्रातले, सज्जन, पण त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, "मॅडम, फॉर्म एक-चौदा म्हणजे काय?" एक-चौदा म्हणजे गोव्यातला जमिनीचा उतारा, तुमच्या सातबाऱ्यासारखा. पाच महिने गेल्यावर पुन्हा श्रीगणेशा. मी फाईल परत मागितली. ती द्यायलाही त्यांनी नऊ दिवस घेतले. आणि मग मार्च २०२० आला आणि सगळंच बंद झालं.

म्हणून गोव्यातल्या बायकांना माझं पहिलं सांगणं: विवरणपत्रात नवऱ्याच्या धंद्याचं निम्मं उत्पन्न दिसत असेल तर बँकेने विचारायच्या आधीच सीएचं पत्र फाईलला लावा, त्या कलमाच्या उल्लेखासकट. आणि नवऱ्याची सही लागणार हे धरून चाला, पंप एकट्या तुमच्या नावावर असला तरी. जमीन सासऱ्यांच्या नावावर असेल तर सासूबाईंचीही. आमच्या सासूबाईंनी संमतिपत्रावर सही करताना सब-रजिस्ट्रारना विचारलं होतं, "पंपाक आमचे काजू लागतले?" काजूची झाडं तोडावी लागणार का, असं. दोन वाचली. ऑफिसच्या मागे आहेत, अजून बोंडं धरतात.

दुसऱ्या बँकेत सात आठवड्यांत मंजुरी मिळाली. कारण साहेब चांगले हे एक, पण दुसरं कारण मी शहाणी झाले होते. पहिल्या वेळचा प्रोजेक्ट रिपोर्ट बाजारात मिळतो तसला होता, एका पानावर विक्री, एका पानावर नफा, सगळे आकडे गोल. दुसऱ्या वेळी मी साखळी गावाकडच्या एका जुन्या पंपवाल्या डीलरकाकांकडे दोन दिवस जाऊन बसले. रोज किती लिटर जातं, पावसाळ्यात किती पडतं, जत्रेच्या आठवड्यात किती चढतं, उधारी किती राहते, लोड, म्हणजे टँकरभर माल, कधी मागवायचा, सगळं वहीत उतरवलं. त्यावरून महिन्यावार पैशाचा तक्ता केला. साहेबांनी बाकी पानं उलटली आणि त्या तक्त्यावर थांबले. "पावसाळ्यात विक्री कमी दाखवलीय तुम्ही," म्हणाले. मी म्हटलं, होय, कमीच असते. मला वाटतं कर्ज तिथेच मंजूर झालं.

एक चूक मात्र त्या तक्त्यातही राहिली. सीसी कमी मागितली.

पेट्रोल पंप हा बांधकामाचा धंदा नाही, तो फिरत्या पैशाचा धंदा आहे. कंपनी उधार देत नाही. आधी बँकेतून आरटीजीएसने पैसे, मग वास्कोहून टँकर निघतो. १२ हजार लिटरचा टँकर, २०२१ च्या भावाने दहा लाखांच्या वर. तो माल तीन-चार दिवसांत विकला जातो, पण पैसा तितक्या सरळ परत येत नाही. कार्डाचा उद्या येतो, ट्रकवाल्यांचा पंधरा दिवसांनी, कंत्राटदाराचा देवाला ठाऊक. रोख असते ती बँकेत भरायची तर ठरावीक मर्यादेच्या वर मोजणावळ घेतात. आपलेच पैसे आपल्याच खात्यात भरायचे आणि वर पैसे द्यायचे! तर १८ लाखांत जेमतेम दीड टँकर बसतो. मला ३० हवी होती. मुदत कर्जात पाच लाख कमी घेऊन शौचालयाच्या टाइल्स साध्या लावल्या असत्या तर चाललं असतं. बँकेला भिंत आवडते कारण ती डोळ्यांना दिसते. डीलर जगतो सीसीवर.

सीसीचा दुसरा चावा मला दुसऱ्याच महिन्यात कळला. दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट द्यायचं असतं. जेवढा माल, त्यातून २५ टक्के वजा, तेवढी उचल मिळते. मंजुरी १८ लाखांची असली तरी. त्या मेमध्ये गोव्यात ९ तारखेपासून कोविडची संचारबंदी होती, मध्ये तौक्ते वादळ येऊन गेलं, चार दिवस पंप जनरेटरवर चालवला. विक्री पडलेली, म्हणून मी लोड कमी मागवत होते. ३१ मेच्या सकाळी डिप घेतला, म्हणजे टाकीत पट्टी सोडून माल मोजला: पेट्रोल अडीच हजार लिटर, डिझेल चार हजार. किंमत पावणेसहा लाख. जसं होतं तसं प्रामाणिकपणे लिहून दिलं. दोन दिवसांनी लोडसाठी आरटीजीएस करायला गेले तर खात्याची मर्यादा चार लाख तीस हजारांवर आलेली. टँकर दहा लाखांचा!

शाखेत फोन केला. समोरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमचा डीपीच तेवढा आहे." डीपी म्हणजे ड्रॉइंग पॉवर, मालावरून ठरणारी उचलीची मर्यादा. मी म्हटलं, बाई गं, टाकी रिकामी आहे म्हणून तर पैसे मागतेय. ती म्हणाली, टाकी भरल्यावर स्टेटमेंट द्या. त्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला डिझेल संपलं. नोझलला 'माल नाही'ची पाटी अडकवताना पोरगा म्हणाला, "वहिनी, कॅमेऱ्यात बघू नका." दुसऱ्या दिवशी डीलरकाकांनी हातउसने दिले आणि हसत हसत सांगितलं, "लोड नेहमी तीस तारखेला घ्यायचा. हे तुला बँक सांगणार नाही." तेव्हापासून महिना काहीही असो, तीस तारखेला माझी टाकी भरलेली असते.

टाकी भरून ठेवणं एकदा अंगाशीही आलं. ते तीस तारखेमुळे नव्हे, दिवाळीमुळे.

३ नोव्हेंबर २०२१, नरकासुराची रात्र. गोव्यात त्या रात्री पोरं झोपत नाहीत, पहाटे नरकासुर जाळायचा असतो. टेम्पो, जीप, दुचाक्या, सगळ्यांना पेट्रोल हवं. म्हणून दुपारीच टँकर उतरवून घेतला होता. संध्याकाळी टीव्हीवर पट्टी आली: केंद्राने अबकारी कर पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० रुपयांनी कमी केला. त्याच रात्री गोवा सरकारने वर आणखी सात-सात रुपयांची कपात जाहीर केली. म्हणजे पेट्रोल १२ रुपयांनी खाली, डिझेल १७ रुपयांनी. माझ्या टाकीत ६ हजार लिटर पेट्रोल आणि ९ हजार लिटर डिझेल, जुन्या भावाने रोख पैसे मोजून घेतलेलं. मोबाइलवर गुणाकार केला. ७२ हजार अधिक १ लाख ५३ हजार. सव्वादोन लाख.

आणि विक्री ठप्प. उद्या स्वस्त होणार म्हटल्यावर आज कोण भरणार? वीस फुटी नरकासुर टेम्पोत घालून आलेली पोरं दोनशेचं पेट्रोल भरून गेली. त्यातला एक ओळखीचा, म्हणाला, "वहिनी, फाल्यां फुल टँक मारतां." मी म्हटलं, मार बाबा. पहाटे फटाके ऐकत आम्ही दोघं ऑफिसात चहा पीत बसलो होतो. ग्राहक म्हणून मला त्या कपातीचा आनंदच झाला असता, खोटं कशाला बोलू. पण बँकेच्या कुठल्याही प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ह्या तोट्याला रकाना नाही. मे २०२२ मध्ये पुन्हा केंद्राने ८ आणि ६ रुपये कमी केले, तेव्हा मात्र टाक्या निम्म्या होत्या. निव्वळ नशिबाने.

मुदत कर्जाबद्दल एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून वाचा. सात वर्षांची परतफेड आणि अठरा महिन्यांपर्यंत सवलत, असं योजनेत होतं. मी समजले, अठरा महिने काही नाही, मग सात वर्षं हप्ते. माझ्या मंजुरीपत्रात अठरा महिने त्या सातच्या पोटातच होते. म्हणजे हप्ते फक्त ६६. तेव्हाच्या ९ टक्क्यांनी सात वर्षांचा हप्ता साडेसदुसष्ट हजारांच्या आसपास आला असता, तो आला एक्क्याऐंशी हजार. आणि सवलत फक्त मुद्दलाला. व्याज महिन्याच्या महिन्याला भरायचंच, पंपावर एक थेंब विकला गेलेला नसतानाही. त्या सहा महिन्यांचं व्याज पाटल्यांतूनच गेलं.

वर दर रेपोला, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते त्याला, बांधलेला. पहिला पूर्ण हप्ता एप्रिल २०२२ चा आणि मेपासून रिझर्व्ह बँकेने रेपो वाढवायला सुरुवात केली. ४ टक्क्यांचा रेपो फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला, माझा दर साडेअकरावर, हप्ता पंच्याऐंशी हजारांवर. २०२५ मध्ये तो उतरू लागला तेव्हा थोडा श्वास मिळाला. वाढ लागू व्हायला बँकेला एक महिनाही लागला नव्हता. घट लागू करून घ्यायला मला दोन अर्ज लिहावे लागले.

मिळतं किती, हे सगळ्यांना विचारायचं असतं पण विचारवत नाही. सांगते. सुरुवातीच्या वर्षांत कमिशन पेट्रोलला लिटरमागे पावणेचार रुपयांच्या आतबाहेर, डिझेलला अडीचच्या. ऑगस्ट २०१७ नंतर सात वर्षं त्यात वाढच नव्हती. आमची विक्री सरासरी महिना ११० हजार लिटर धरा, तर हाती येतात साडेतीन लाख. त्यातून नऊ जणांचे पगार, वीज, डिझेल जनरेटर, विमा, सीसीचं व्याज, वजनमाप खात्याचं वार्षिक शिक्कामोर्तब, उडणारं पेट्रोल आणि हप्ता. उरतं ते घर चालवायला पुरतं, मिरवायला नाही. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस कमिशन पेट्रोलला लिटरमागे साधारण ६५ पैसे आणि डिझेलला ४४ पैसे वाढलं. वाचायला पैसे वाटतात, पण माझ्या विक्रीवर तो महिना साठ हजारांचा फरक आहे.

सीमेजवळ असण्याचा फायदा झालाच. गोव्यातलं पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त, त्यामुळे दोडामार्गाकडचे लोक टाकी भरायला इकडे येतात. २०१२ मध्ये पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला होता, तेव्हा सीमेवरच्या पंपांवर लागलेल्या रांगा इथले जुने लोक अजून सांगतात. आता तेवढा फरक नाही, पण रविवारी एमएच-०७ च्या पाट्या मोजत बसावं इतक्या येतात. त्यातले काही अजून मला बघून विचारतात, "मालक नाहीत का?" गोव्यातले विचारतात, "पात्रांव खंय?" पोरं माझ्याकडे बोट दाखवतात.

आता कर्ज घेणारीसाठी. स्टँड-अप इंडियाची मुदत ३१ मार्च २०२५ पर्यंतची होती. २०२५ च्या अर्थसंकल्पात पहिल्यांदा उद्योग करणाऱ्या बायका आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी दोन कोटींपर्यंतच्या मुदत कर्जाची नवी योजना जाहीर झाली. 'मुदत कर्ज' हे शब्द नीट बघा आणि खेळत्या भांडवलाचं काय, हे पहिल्याच भेटीत विचारा. दुसरी वाट सीजीटीएमएसईची, म्हणजे लहान उद्योगांसाठीच्या सरकारी हमी निधीची, तीही तारणाशिवायच्या कर्जाला हमी देते. किरकोळ व्यापारालाही आता उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, मिळते, ती आधी काढून ठेवा, फुकट आहे, एजंटाला पैसे देऊ नका. मुद्रा कर्जावर पंप होईल का, असं एकीने विचारलं. मुद्राची वरची मर्यादा आता २० लाख. त्यात आमचा भरावसुद्धा झाला नसता.

माझी सीसी १८ वरून ३० लाख करायचा अर्ज सध्या बँकेत आहे. पाच वर्षांची स्टेटमेंटं, विक्रीचे आकडे, एकही चुकलेला हप्ता नाही, सगळं जोडलंय. साहेब नवीन आलेत. परवा त्यांचा फोन आला, फार गोड बोलले, पंपाचं कौतुक केलं आणि शेवटी म्हणाले, "मॅडम, घराची एक-चौदा आहे ना तुमच्याकडे?"

मी म्हटलं, आहे की. कपाटात आहे.